डिस्चार्ज कार्डावर मीटिंगचा वार लिहा
(सरकारी दवाखान्यांतल्या डॉक्टर-सिस्टरांना खुले पत्र)

प्रति,
जिल्हा रुग्णालयं, उपजिल्हा रुग्णालयं, ग्रामीण रुग्णालयं आणि प्राथमिक आरोग्य केंद्रांतले वैद्यकीय अधिकारी, परिचारिका, समुपदेशक आणि समाजसेवा अधीक्षक,

सस्नेह नमस्कार.

दारूचा पेशंट वॉर्डातून घरी निघतो तेव्हा त्याच्या कार्डावर शेवटी बहुतेक वेळा तीनच गोष्टी असतात: बी कॉम्प्लेक्स, पंधरा दिवसांनी दाखवा, आणि 'दारू पूर्ण बंद'. ती कुणाच्या सोबतीनं बंद करायची, कुठे जाऊन, कुठल्या वारी, हे कार्डावर नसतं. माणूस पिशवी घेऊन एसटी स्टँडवर येतो. समोरच्या देशीच्या दुकानाचा पत्ता त्याला कुणी लिहून द्यावा लागत नाही.

त्या कार्डावर आणखी एक ओळ यावी एवढ्यासाठी हे पत्र आहे. ओळ अशी: 'एए मीटिंग, रविवार सकाळी १०, अमुक शाळा, मागचं गेट, तळमजला, खोली ३. फोन अमुक.' लिहायला दहा सेकंद लागतात. पण त्या रविवारी दहा वाजता ती खोली खरोखर उघडी असायला हवी, आणि सगळी मेहनत तिथेच आहे, म्हणून पत्र जरा लांबलंय.

एए म्हणजे अल्कोहोलिक्स अॅनॉनिमस. १९३५ साली अमेरिकेतल्या अॅक्रन गावात एक शेअर दलाल आणि एक सर्जन, दोघंही अट्टल पिणारे, एकमेकांशी बोलत बसले आणि त्या बोलण्यात पिणं टळलं, तिथून हे सुरू झालं. भारतात १९५७ पासून आहे. सभासद व्हायला फी नाही, फॉर्म नाही. दारू सोडायची इच्छा एवढी एकच अट. आम्ही त्यांच्या वतीनं लिहीत नाही. ती मंडळी सार्वजनिक वादात मत देत नाहीत, छापील माध्यमात नाव-फोटो येऊ देत नाहीत, बोर्डही बेताचाच लावतात. त्यामुळे दवाखान्यापासून दोन गल्ल्या सोडून मीटिंग भरते आणि दवाखान्यात कुणाला पत्ता नसतो, असं सर्रास होतं. आम्ही व्यसनमुक्तीच्या कामातले, पेशंट तिकडे पाठवणारे लोक.

'आम्ही सांगतो हो, पण ते जातच नाहीत,' ही तुमची तक्रार खरी आहे. नुसतं सांगून कुणी जात नाही. १९८१ साली अमेरिकेत सिसन आणि मॅलम्स यांनी वीस पेशंटांवर एक छोटा प्रयोग केला. दहा जणांना नेहमीसारखी माहिती दिली: मीटिंग इथे भरते, जा. उरलेल्या दहांच्या समोर बसूनच एएच्या सदस्याला फोन लावला, दोघांचं बोलणं करून दिलं, सदस्यानं सोबत यायची तयारी दाखवली, आणि मीटिंगआधी आठवण केली. या दहांतले दहाही गेले. पहिल्या दहांतला एकही गेला नाही. प्रयोग लहान आहे, पण आमच्या रोजच्या कामात हेच दिसतं. म्हणून पेशंट कॉटवर असतानाच फोन लावा. डिस्चार्जच्या दिवशी नको. त्या दिवशी त्याचं लक्ष गाडीकडे आणि बिलाच्या कागदांकडे असतं. आदल्या दिवशी दुपारी, नातेवाईक जेवायला गेले की लावा.

जाऊन उपयोग होतो का, हाही प्रश्न रास्त आहे. जगभरचे अभ्यास एकत्र तपासणाऱ्या कोक्रेन संस्थेच्या २०२० च्या आढाव्यात २७ अभ्यास आणि १०,५६५ माणसं होती. पेशंटला पद्धतशीरपणे एएकडे वळवणारे उपचार सलग दारूमुक्त राहण्याच्या बाबतीत इतर प्रस्थापित उपचारांच्या बरोबरीचे किंवा त्यांच्याहून सरस ठरले. आणि आपल्याकडची २०१९ ची एम्सची देशव्यापी पाहणी सांगते की दारूवर अवलंबून असलेल्या साधारण ३८ माणसांत एकालाच काही उपचार मिळतो. पाय मोडून किंवा कावीळ होऊन का होईना, बाकीच्या सदतीस जणांतलाच एखादा तुमच्या कॉटवर येऊन पडलेला असतो.

आता एक इशारा, कारण इथे चुकलं तर जीव जातो. ज्याला सकाळी तोंड धुण्याआधी घ्यावी लागते, न घेतल्यास कप धरवत नाही, किंवा पूर्वी दारू थांबल्यावर फिट आलेली आहे, त्याला मीटिंगचा पत्ता देऊन घरी पाठवू नका. त्याला आधी दाखल करा. शेवटच्या घोटानंतर सहा ते चोवीस तासांत कंप, घाम, मळमळ सुरू होते. फिट आली तर बहुधा पहिल्या ४८ तासांत येते. डीटी, म्हणजे दारू थांबल्यावर होणारा भ्रम आणि भास, दुसऱ्या ते चौथ्या दिवसात. मांडीचं हाड मोडून आलेला माणूस दोन दिवस शहाण्यासारखा पडून असतो आणि तिसऱ्या रात्री चादरीवरचे नसलेले किडे झटकू लागतो, पायाला ताण देणाऱ्या ट्रॅक्शनच्या वजनासकट उठायला बघतो. मग त्याला बांधतात, 'मेंटल' म्हणतात, आणि पिण्याचा इतिहास चौथ्या दिवशी मेहुण्याकडून कळतो. दाखल करतानाच विचारा: रोज किती, शेवटची कधी. ग्लुकोज चढवण्याआधी थायमिन (बी-१ जीवनसत्त्व), हे तुम्हाला सांगायला नको. रात्रपाळीच्या इंटर्नला मात्र सांगून ठेवायला हवं. घरचेही 'माळ घातली, सोमवारपासून एकदम बंद' असं ठरवून मोकळे होतात. माळ जरूर घालावी, पण आधी हातांचा कंप डॉक्टरनं बघावा.

दुसऱ्या टोकाला श्रावणवाले असतात. 'साहेब, मी श्रावण पूर्ण पाळतो, मला कसलं व्यसन?' यावर वाद घालू नका. गटारीला किती घेतली आणि श्रावण संपल्यावर पहिली बाटली किती वाजता उघडली, एवढं विचारा. जागतिक आरोग्य संघटनेची ऑडिट नावाची दहा प्रश्नांची चाचणी आहे, ४० पैकी गुण. आठ किंवा जास्त आले तर बोलायला जागा आहे. पाच मिनिटांत होते, आणि आकडा समोर आला की माणूस जरा गप्प होतो.

मग यादीचं काम. एएचं भारतातलं मुख्य कार्यालय मुंबईत आहे, मोठ्या शहरांत त्यांच्या गटांची मध्यवर्ती कार्यालयं असतात, मीटिंगांची यादी त्यांच्या संकेतस्थळावर मिळते. ती छापून भिंतीवर लावली की काम झालं असं समजू नका. छापील यादीतला गट जागा बदलतो, वेळ बदलतो, कधी बंदही पडलेला असतो. बहुतेक मीटिंगा शाळांच्या वर्गांत, चर्चच्या हॉलमध्ये, समाजमंदिरात भरतात. दहावी-बारावीच्या परीक्षेत शाळेचा वर्ग जातो, दिवाळीच्या सुट्टीत शिपाई गावाला जातो, निवडणुकीत मतदान केंद्र येतं. पेशंट एकदाच हिंमत करून जातो. कुलूप दिसलं की परत येत नाही, आणि परतीच्या वाटेवर काय होतं ते आपल्याला ठाऊक आहे. म्हणून प्रत्येक गटाला फोन करून वार, वेळ आणि भाषा विचारा, मीटिंग खुली (कुणालाही बसता येणारी) की बंद (फक्त पिण्याचा प्रश्न असलेल्यांची) ते विचारा, आणि आत शिरायचं दार नेमकं कुठलं तेही विचारा. यादीवर तारीख टाका, तीन महिने झाले की फाडा आणि पुन्हा फोन करा. हे काम एका माणसाच्या नावावर हवं. 'सगळ्यांनी बघायचं' म्हटलं की कुणी बघत नाही.

एसटीचं वेळापत्रकही त्याच यादीला डकवा. थट्टा नाही ही. मीटिंग संध्याकाळी सात ते साडेआठ, आणि पेशंटच्या गावची शेवटची गाडी पावणेसातला. असा माणूस 'जातो जातो' म्हणतो आणि जात नाही, आणि आपण कार्डावर 'मोटिव्हेशन नाही' लिहितो. त्याला रविवार सकाळची किंवा बाजाराच्या दिवशीची मीटिंग शोधून द्या. तालुक्यात ओळखीचे भेटतील ही धास्ती असेल तर शेजारच्या तालुक्याची द्या.

गटच नसेल तर? मोबाइलवरच्या ऑनलाइन मीटिंगा २०२० च्या टाळेबंदीपासून चांगल्या रुळल्या आहेत. जहाजावर किंवा आखातात नोकरीला असलेल्यांना तर त्यांचाच आधार. घरात मोबाइल एक आणि खोली एक असेल तर मात्र बोलणार कुठे, हे आधी विचारा. पुण्याच्या मुक्तांगणसारख्या व्यसनमुक्ती केंद्रांचे, उपचार घेऊन गेलेल्यांसाठीचे पाठपुरावा गटही असतात. मुक्तांगण १९८६ पासून काम करतंय. तिथे किंवा दुसऱ्या केंद्रात कुणी राहून आला असेल तर त्याच्या जवळचा पाठपुरावा कुठे होतो, ते केंद्रालाच विचारा. केंद्र सरकारची व्यसनमुक्ती हेल्पलाइन १४४४६ आणि मानसिक आरोग्यासाठीची टेलिमानस १४४१६, हे दोन्ही नंबर कार्डावर असू द्या. पण नंबर म्हणजे मीटिंग नव्हे.

मीटिंगमध्ये काय होतं हे पेशंटला आधी सांगितलं की निम्मी भीती जाते, म्हणून तुम्ही स्वतः एकदा खुली मीटिंग बघून या. बंद मीटिंग फक्त पिण्याचा प्रश्न असलेल्यांसाठी. खुल्या मीटिंगला डॉक्टर, घरचे, कुणीही बसू शकतं. साधारण तास-दीड तास चालते. चित्र असं: शाळेचा वर्ग, लहान मुलांचे बाक, त्यात गुडघे दुमडून बसलेली आठ-दहा मोठी माणसं. फळ्यावर सकाळचा पाढा तसाच. टेबलावर दोन-चार पुस्तकं, भिंतीवर एएच्या बारा पायऱ्यांचा, म्हणजे दारूमुक्त राहण्याच्या त्यांच्या बारा सूत्रांचा तक्ता. थोडी शांतता, एक छोटी प्रार्थना, थोडं वाचन, मग एकेक जण बोलतो. 'माझं नाव अमुक, मी मद्यपी आहे,' आणि बाकीचे एकसुरात त्याला नमस्कार करतात. आडनाव नाही, जात नाही, हुद्दा नाही. बोलणाऱ्याला मध्ये तोडत नाहीत, त्याच्या बोलण्यावर सल्ला देत नाहीत. शेवटी एक डबा किंवा पिशवी फिरते. कुणी दहा टाकतं, कुणी काहीच नाही. खोलीचं भाडं, चहा, पुस्तकं त्यातूनच. बाहेरची देणगी घेत नाहीत.

पहिल्यांदा जाणाऱ्याला आम्ही हे सांगतो. दहा मिनिटं आधी पोच. मागे बस. बोलायची पाळी आली तर 'मी आज ऐकतो' एवढं म्हणालास तरी चालतं. मीटिंग संपल्या संपल्या पळू नकोस. खरी ओळख नंतरच्या पंधरा मिनिटांत, टपरीवरच्या चहावर होते. तिथे निदान तीन जणांचे नंबर घे, आणि त्याच रात्री एकाला फोन कर, काही काम नसलं तरी. मोह झाल्यावर पहिला फोन करणं फार जड जातं. आधी एकदा बोलणं झालेलं असलं की बोट नंबरावर जातं. पुढची मीटिंग त्याच आठवड्यात. पहिल्या नव्वद दिवसांत नव्वद मीटिंगा असा जुन्या सदस्यांचा आग्रह असतो; मुंबईत जमतं, सांगोल्यात किंवा अहेरीत जमणार नाही, तिथे आठवड्याला एक मीटिंग आणि रोज एक फोन असं बसव. आणि एका मीटिंगवरून 'आपल्याला नाही जमलं' ठरवू नकोस. दोन-तीन गटांत मिळून सहा वेळा जा, मग ठरव.

बिनसतं कुठे, तेही सांगायला हवं. चर्चचा हॉल म्हटलं की घरचे म्हणतात, धर्म बदलतील. तसं काही नाही. चर्च फक्त खोली देतं, आणि आत हिंदू, मुसलमान, बौद्ध, ख्रिस्ती सगळे असतात. गोव्यात हा प्रश्न पडत नाही, आपल्याकडे पडतो, म्हणून तो पेशंटनं विचारायच्या आधी तुम्हीच सोडवा. पायऱ्यांमध्ये 'ईश्वर' हा शब्द येतो हे मात्र खरं. 'आम्हाला समजला तसा ईश्वर' असं तिथे म्हटलंय, आणि कित्येक नास्तिक लोक गटालाच ती शक्ती मानून वर्षानुवर्षं येतात. तरीही ज्याला ते पटतच नाही त्याला ओढून नेऊ नका. त्याला पाठपुरावा गट द्या, समुपदेशक द्या.

पिऊन गेला तर? सहसा हाकलत नाहीत. गप्प बसून ऐक म्हणतात, गोंधळ घातला तर कुणीतरी बाहेर नेऊन बसतं. मध्ये स्लिप झाली म्हणजे पुन्हा प्यायला, तर तो तुमच्याकडेही यायचा लाजतो. त्याला कसं बोलायचं ते तुमच्या केस पेपरच्या खिडकीपासून ठरतं. 'आलास परत?' हे दोन शब्द सिस्टरच्या किंवा क्लार्कच्या तोंडून गेले की पुढचे सहा महिने तो दिसत नाही.

गोळ्यांचा घोळ वेगळाच. एखादा उत्साही जुना सदस्य सांगतो, 'सोबर (दारूमुक्त) व्हायचं तर डोक्याच्या गोळ्या पण सोड.' एएचं अधिकृत म्हणणं याच्या उलट आहे. कुठल्याही सदस्यानं दुसऱ्यावर डॉक्टरकी करू नये, असं त्यांच्याच पुस्तिकेत आहे. पेशंटला हे आधीच सांगून ठेवा: दारूचं त्यांना विचार, गोळ्यांचं मला.

बायकांसाठी परिस्थिती बिकट आहे. लहान गावांत पूर्ण खोली पुरुषांची. पिणारी बाई तुमच्याकडे 'अॅसिडिटी' किंवा 'झोप नाही' म्हणून येते. तिला थेट त्या खोलीत पाठवू नका. आधी एखाद्या महिला सदस्याचा फोन मिळवून द्या, दुसऱ्या जिल्ह्यातली असली तरी चालेल. महिलांच्या वेगळ्या मीटिंगा मोठ्या शहरांत आणि ऑनलाइन असतात. स्पॉन्सर, म्हणजे पायऱ्या समजावून देणारा जुना सदस्य, हा पुरुषाला पुरुष आणि बाईला बाई अशीच त्यांची रीत आहे, आणि ती पाळली जाते ना याकडे लक्ष ठेवा.

पैशाचंही बघा. 'एएचं सेंटर आहे, महिन्याचे एवढे हजार' असं कुणी सांगितलं तर समजा की ते एए नाही. एए दवाखाना चालवत नाही, कुणाला डांबून ठेवत नाही, हजेरीचा दाखलाही सहसा देत नाही. साहेबानं दाखला मागितलाय म्हणून पेशंट तुमच्याकडे येईल. मग तुमच्याच फॉलोअपच्या तारखा लिहून द्या.

घरच्यांसाठी अल-अॅनॉन आहे, १९५१ पासून, पिणाऱ्याच्या बायको-नवऱ्यासाठी, आईबापांसाठी. तो पीत असला, मीटिंगला जायला तयार नसला, तरी ती जाऊ शकते. बऱ्याच ठिकाणी तीच आधी जाते. वॉर्डात तिच्याशी बोलताना आणखी एक विचारा: जेवणात काही मिसळून देता का? भिंतींवर, रिक्षांच्या मागे 'न सांगता दारू सोडवा'च्या जाहिराती असतात. त्या पुडीत काय असतं कुणास ठाऊक. पण डायसल्फिराम, म्हणजे दारू प्यायल्यास त्रास व्हावा म्हणून देतात ते औषध, असलं आणि वरून दारू गेली, तर चेहरा लाल, छातीत धडधड, उलट्या, बीपी खाली, आणि एखादा दगावतोही. शेवटच्या गोळीनंतरही दोन आठवड्यांपर्यंत धोका राहतो. हे औषध चांगलंच आहे, पण ज्याला द्यायचं त्याला सांगून, त्याच्या संमतीनं. खोकल्याच्या अल्कोहोल असलेल्या औषधानंही त्रास होतो, हे सांगूनच.

शेवटची मागणी जागेची. रविवारी तुमची ओपीडी बंद असते. बाकडी आहेत, पंखा आहे, पाण्याचा नळ आहे. तो हॉल आठवड्याला दीड तास द्या. एएवाले भाड्याचा आग्रह धरतील, कारण फुकट घेणं त्यांच्या तत्त्वात बसत नाही. शंभर-दोनशे काय ठरेल ते घ्या आणि रुग्ण कल्याण समितीच्या नावानं पावती फाडा. दवाखान्याचं बॅनर लावू नका, २६ जूनच्या अमली पदार्थविरोधी दिनाला फोटो काढायला पत्रकार बोलावू नका, हजेरीवही ठेवू नका. आठवड्यातून एकदा दोन सदस्यांना मेडिसिन आणि ऑर्थो वॉर्डात फिरू द्या. सुरुवातीचे काही रविवार कदाचित दोघंच बसलेले दिसतील. दोन-तीन मद्यपी सोबर राहण्यासाठी जमले तरी त्यांच्या लेखी गट होतो, त्यामुळे 'प्रतिसाद नाही' म्हणून हॉल काढून घेऊ नका.

आणि गेटवरच्या वॉचमनला आधी सांगून ठेवा. रविवारी दहाच्या सुमारास एखादा माणूस रस्त्याच्या पलीकडे घुटमळत उभा राहील, दोनदा गेटपाशी येऊन परत जाईल, मग हळूच 'मीटिंग कुठाय?' विचारेल. त्याला 'कसली मीटिंग?' असं मोठ्यानं उलट विचारू नये. हातानं हॉल दाखवावा.

आपले,
व्यसनमुक्तीच्या कामातले काही समुपदेशक, परिचारिका आणि समाजसेवक